लोखंडी टोचन बार : आठ महिने वापरून झाल्यावर

साताऱ्यात हायवेला शेंद्र्याच्या अलीकडं आमचं छोटं गॅरेज आहे, महिन्याला आठ-दहा बंद गाड्या तरी ओढून आणाव्या लागतात. आधी सगळं टोचन दोरावर नाहीतर साखळीवर चालायचं. पुढं आपला पिकअप, मागं बंद गाडी, आणि मागच्यानं ब्रेक मारायला जरा उशीर केला की बसलीच मागनं. दोन गिऱ्हाइकांचे बंपर पदरचे पैसे घालून भरून दिले तेव्हा ठरवलं की आता लोखंडी बार घ्यायचा. ए आकाराचा, पुढं पिन, मागं दोन पाय, साडेसात हजाराला पडला. आता आठ महिने झाले, बरेच जण विचारतात घेऊ का म्हणून, तर जे बघितलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे दोराची आणि याची तुलनाच नाही. झटके बंद. अंतर कायम तेवढंच राहतं, सिग्नलला थांबलो तरी मागची गाडी अंगावर येत नाही, पोवई नाक्याच्या गर्दीतनं पण आणलीय मी. मागच्या माणसाचं टेन्शन अर्धं कमी होतं. पण त्यामुळंच एक गैरसमज होतो आणि तो माझाही झाला होता, की आता बार आहे म्हणजे मागच्यानं नुसतं बसायचं.

फेब्रुवारीत कासच्या रस्त्याला एका फॅमिलीची हॅचबॅक अडकली होती, क्लच प्लेट गेलेली. गॅरेजमधल्या पोराला त्यात बसवला, गाडी न्यूट्रल, चावी फिरवून स्टिअरिंगचं लॉक काढलेलं, इंजिन बंद. इंजिन बंद ठेव असं मीच त्याला सांगितलं होतं. यवतेश्वरचा घाट उतरायला लागलो तसा पिकअप मागनं ढकलल्यागत व्हायला लागला. आमचा पिकअप रिकामा, मागनं हलका, आणि मागं आठशे किलोची गाडी ढकलतीय. वळणावर मागची चाकं बाजूला सरकल्याचं मला सीटवर बसून कळलं. सेकंडला टाकला, हळूहळू ब्रेक दाबत कसाबसा कठड्याच्या कडेला घेतला. उतरून बघतो तर पोरगं घामानं भिजलेलं, दोन्ही पाय ब्रेकवर. म्हणाला, "दादा, पेडल दगडागत झालंय, दाबतच न्हाई."

ब्रेकला जी पॉवर मिळते ती इंजिनच्या व्हॅक्यूमवर. इंजिन बंद असलं की बूस्टरमध्ये, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यात, साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा ब्रेक नीट लागतो, त्यानंतर सगळा जोर पायाचाच. बाराव्या वळणावर पायात तेवढा जोर राहत नाही. आणि त्या गाडीचा क्लच गेला होता, इंजिन चांगलं होतं! न्यूट्रलला चालू ठेवलं असतं तर ब्रेकही मिळाला असता आणि पॉवर स्टिअरिंगही. तिथंच चालू करायला लावलं, आणि खाली साताऱ्यापर्यंत पोरानं अगदी व्यवस्थित आणली. बार अंतर धरतो, ब्रेक धरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आता इंजिन चालू होत नसेल तर घाटात बार लावतच नाही, सरळ फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक, बोलवा म्हणतो, भाडं जास्त गेलं तरी चालेल. पिकअपमध्ये वाळूची चार पोती कायमची ठेवलीत, त्यानं मागची पकड बरीच सुधारली.

बारमध्ये दोष काय ते पण सांगतो. सोबत आलेली पिन मऊ लोखंडाची होती. तिसऱ्या महिन्यात चालताना खट्-खट् आवाज यायला लागला, पिन काढून हातात घेतली तर मधोमध बोटाच्या नखाला लागेल एवढी खाच, आणि बारचं गोल भोक लंबगोल झालेलं. दुकानदार म्हणाला वापरून असं होतंच. मी एमआयडीसीतनं चांगल्या स्टीलची पिन करून घेतली, भोकात बुश, म्हणजे लोखंडी नळीचा तुकडा, बसवला, आवाज गेला. वेल्डिंगच्या कडेनं केसाएवढी गंजाची रेघ दिसली तर तो रंग गेलेला नसतो, बहुतेक वेळा खाली तडा असतो, घासून बघायचं. सेफ्टी चेन बारबरोबर आलीच नाही, ती वेगळी घेतली. दोन साखळ्या बारच्या खालनं फुलीसारख्या लावायच्या, म्हणजे पिन तुटली तर बारचं तोंड साखळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही.

गाडी ओढायच्या हुकचं पण बघा. बऱ्याच गाड्यांना पुढं एकच हुक असतो, तिथं दोन पायांचा बार लागत नाही. पोलोसारख्या गाड्यांचा टूलकिटमधला हुक उलट्या आट्याचा असतो, जोर लावून आटे घालवू नका. रिव्हर्स तर घ्यायचाच नाही, मागच्या गाडीची पुढची चाकं एकदम वळतात आणि बार पिळतो. पंपावर शिरतानाच बाहेर कुठनं पडायचं ते बघून ठेवायचं.

ऑटोमॅटिक गाडी मी चार चाकांवर अजिबात ओढत नाही. गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद आणि चाकं फिरतायत म्हणजे आतनं कोरडं घासत जातं. एएमटीचा, म्हणजे क्लच-गिअर मशीननं आपोआप पडतात त्या गाडीचा, गिअरबॉक्स आतनं मॅन्युअलच, पण करंट गेल्यावर गिअरमध्येच अडकली असेल तर न्यूट्रल होत नाही. इलेक्ट्रिक आणि फोर बाय फोर, फ्लॅटबेडच.

मे महिन्यात पुण्याचे एक साहेब आले होते, टेम्पो ट्रॅव्हलरची कॅरव्हॅन करून घेतलेली, त्याच्या मागं छोटी गाडी जोडून कोकणात न्यायची होती. मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले. मी बारकाईनं बघितले. तिथं गाडीच्या चासीला बेस प्लेट बसवतात, मागच्या गाडीचा ब्रेक आपोआप दाबणारी वेगळी सिस्टीम असते, गाडी सुटलीच तर वायर ओढली जाऊन तिचा ब्रेक लागतो. माझ्या बारमध्ये यातलं काहीच नाही, तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. शिवाय आपल्याकडं नियमानं नादुरुस्त गाडीच ओढता येते, हौसेनं चालती गाडी मागं लावता येत नाही. १९८९ च्या नियमावलीत ताशी २४ किलोमीटरची मर्यादा, मध्ये ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागं 'ऑन टो' पाटी आणि मागच्या स्टिअरिंगवर लायसन्सवाला माणूस, एवढं सगळं होतं. साहेब जरा नाराज झाले, पण मागं स्कूटरचा कॅरिअर बसवून गेले आणि परत येताना मुद्दाम थांबून चहा घेऊन गेले.

बार परत घेईन का, तर हो, सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटरसाठी नक्की. पिन, बुश, साखळ्या आणि पाटी धरून माझे दहा हजाराच्या वर गेले, तेवढे धरूनच चाला. आणि घाटातली गाडी असली तर आता मागच्या स्टिअरिंगवर मी स्वतः बसतो, पिकअप पोरगा चालवतो.