स्वयंपाकघरातला तारेचा फोन आणि एचटी८०२ अॅडॅप्टर : इंदूरहून अभिप्राय

तारेचा फोन घरात अजून आहे आणि तो वापरायची मनापासून इच्छा आहे, अशा लोकांसाठी हे लिहितोय. जुना साधा फोन इंटरनेटवरून चालवणारा ग्रँडस्ट्रीम एचटी८०२ हा अॅडॅप्टर चांगला आहे, घ्यावा. तळहातावर मावेल एवढी डबी. दोन साधे फोन लावायला दोन खाचा, राउटरकडून येणाऱ्या केबलसाठी एक खाच, आणि पाच व्होल्टचा चार्जर. मला साडेचार हजारांच्या आसपास पडला. पण खोक्यातून काढला, लावला आणि झालं, असं या वस्तूचं नसतं. बसवणाऱ्याने थोडं डोकं घातलं तरच ती आपली किंमत वसूल करते.

मी टेलिफोन खात्यातला माणूस. एमडीएफवर, म्हणजे एक्स्चेंजमधल्या तारा जोडायच्या मुख्य चौकटीवर, जंपर ओढण्यात आणि पावसाळ्यात केबलचे जोड उघडण्यात नोकरी झाली, २०२०च्या जानेवारीअखेर व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली. आता सौ.च्या पोळी-भाजी केंद्राचं वरचं काम बघतो. स्वयंपाक रामबागेत घरी, विक्री लोकमान्य नगरच्या गाळ्यातून. दोन्हीकडून सकाळ-संध्याकाळ निरोप चालू असतात. पोळ्या कमी पडतायत, वरण संपलं, कुणाला बिनकांद्याची भाजी हवीय. हे सगळं मोबाइलवर चालायचं आणि रोज कुठेतरी अडायचं. कणकेचा हात पडद्यावर चालत नाही. एक्झॉस्टचा पंखा आणि कुकर एकदम सुरू असले की मोबाइल वाजलेला कळत नाही, आणि कळला तरी तो कुणी कुठे ठेवलाय ते शोधावं लागतं. भिंतीवरचा फोन जिथल्या तिथे असतो. रिसीव्हर दोन बोटांनी उचलायचा, खांदा आणि कानाच्या मध्ये धरायचा, पोळी लाटणं थांबत नाही. कॉल स्वस्त पडावा म्हणून अॅडॅप्टर घ्यायचे दिवस आता राहिले नाहीत, मोबाइलच्या पॅकमध्ये बोलणं तसंही येतंच. हा खर्च करायचा तो त्या रिसीव्हरसाठी आणि त्या घंटीसाठी.

विकत घ्यायच्या आधी आपल्या फायबरच्या मोडेमची मागची बाजू बघा. पुष्कळ मोडेमना फोनची पिन बसेल अशी खाच असते. तिच्या आत हेच काम करणारं सर्किट आहे. नंबर त्याच कंपनीचा असेल आणि एकच बटणांचा फोन लावायचा असेल, तर वेगळा पैसा घालवू नका. आमच्या केंद्राचा गिऱ्हाइकांना माहीत असलेला ०७३१चा नंबर तिथेच आहे आणि तिथेच राहील. मला हवी होती ती घर, गाळा आणि पुण्याला असलेली मुलगी यांना जोडणारी आपसांतली लाइन. शिवाय आईच्या खोलीत आयटीआयचा (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा) काळा, डायल फिरवायचा फोन आहे. मोडेमच्या खाचेत त्याची घंटी वाजली, बोलणंही झालं, पण डायल फिरवलेलं त्या मोडेमला कळलं नाही.

कारण सांगतो. बटणांचा फोन प्रत्येक आकड्याला दोन सूर एकत्र पाठवतो. डायलचा फोन लाइन तोडतो आणि जोडतो, सेकंदाला साधारण दहा वेळा. तीन फिरवलं की तीन तुटी, शून्याला दहा. या तुटी मोजणारं काहीतरी पलीकडे असावं लागतं, आणि आजच्या पुष्कळ उपकरणांत ते नसतं. एचटी८०२मध्ये आहे. पल्स डायलिंग नावाचा पर्याय कारखान्यातून बंद येतो, तो चालू करायचा. जेल रोडवर चौकशी केली तेव्हा दुकानदार म्हणाला, "अंकल, ये अब कौन लेता है," आणि वायफायचे राउटर दाखवू लागला. शेवटी ऑनलाइनच मागवला. तुमच्याकडे डायलचा फोन असेल तर कुठलाही अॅडॅप्टर घेताना ही एक गोष्ट आधी तपासा, बाकीचं नंतर.

डबीला नंबर देणाऱ्या खात्याचं म्हणाल तर एका होस्टेड पीबीएक्स सेवेवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या छोट्या एक्स्चेंजवर, छोटं खातं घेतलं. आपसांतले नंबर असे : स्वयंपाकघर २०१, आईची खोली २०२, गाळा २०३, मुलीच्या मोबाइलमधलं अॅप २०४. गाळ्यात एकच फोन लागतो म्हणून तिथे याचाच एका खाचेचा भाऊ, एचटी८०१.

जोडणी अशी. बटणांचा फोन लावा आणि तीनदा स्टार दाबा. आतून इंग्रजीत आवाज येतो. मग ०२ दाबलं की डबी आपला आयपी पत्ता बोलून दाखवते. (डायलच्या फोनवर स्टार नसतो, तेव्हा हे काम बटणांच्या फोनवरूनच उरका.) तो पत्ता कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाकला की सेटिंगची पानं उघडतात. सगळ्यात आधी पासवर्ड बदला. मग पहिल्या खाचेला २०१चं खातं, दुसरीला २०२चं. कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे करायची पद्धत, जी.७११ ए-लॉ ठेवा, आपल्या एक्स्चेंजमध्ये चालत आला तोच. ओव्हरहेड धरून एका दिशेला सेकंदाला साधारण ८७ किलोबिट लागतात, फायबरला ते जाणवतही नाही. बँडविड्थ वाचवायला जी.७२९ निवडण्यात घरच्या वापरासाठी काही अर्थ नाही, आवाज दबतो. आईला कमी ऐकू येतं. तिला ए-लॉवरचं बोलणं मोबाइलपेक्षा स्पष्ट वाटतं, आणि मोठा रिसीव्हर कानावर पुरता बसतो हेही त्यात आलंच.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. डबी येते ती अमेरिकन सवयींची. घंटी दोन सेकंद लांबच लांब वाजते आणि चार सेकंद गप्प राहते. आपली घंटी अशी नाही. आपली जोडीने वाजते : ०.४ सेकंद वाजणं, ०.२ थांबणं, पुन्हा ०.४ वाजणं, मग दोन सेकंद शांतता. ट्रिंग-ट्रिंग जे म्हणतो आपण, ते हेच. पहिल्या दिवशी ती लांब घंटी ऐकून आईने, "हे काय वाजतंय?" म्हणून विचारलं. फोन आहे हे तिच्या लक्षातच आलं नाही. रिंग केडन्सच्या, म्हणजे घंटीच्या ठेक्याच्या, रकान्यात आपले आकडे भरले, घंटीची फ्रीक्वेन्सी २०वरून २५ हर्ट्झ केली, आणि फोनमधल्या जुन्या पितळी वाट्यांवरचा तो टोला बरोबर पडू लागला. या वाट्या २५ हर्ट्झवर वाजण्यासाठीच घडवलेल्या होत्या. २०वर टोला सावकाश पडतो, नाद भरत नाही.

डायल टोनचंही तसंच. अमेरिकेत ३५० आणि ४४० हर्ट्झ एकत्र असतात, ऐकायला गोड. आपल्याकडचा टोन ४०० हर्ट्झचा आणि त्यावर २५ची लहर, म्हणून तो घरघरतो. मी रकान्यात ३७५ आणि ४२५ भरलं, जवळपास तीच घरघर मिळाली. एंगेज टोन ४०० हर्ट्झ, ०.७५ सेकंद आवाज, ०.७५ सेकंद शांतता. नोकरीत हे सूर हजारो वेळा कानाने तपासलेत, ते चुकीचे वाजत राहिले असते तर मला चाललं नसतं. आणि यात हौसेपेक्षा उपयोग जास्त आहे. वयस्कर माणूस सुरावरून ओळखतो की लाइन आली, पलीकडे घंटी वाजतेय, का पलीकडचा बोलतोय. सूर परका असला की तो रिसीव्हर ठेवून देतो.

आईसाठी आणखी एक करावं लागलं. आकडे संपले हे डबीला कसं कळणार? ती शेवटच्या आकड्यानंतर चार सेकंद वाट बघते, किंवा हॅश दाबायची वाट बघते. डायलवर हॅश कुठून येणार. म्हणून डायल प्लॅनमध्ये, म्हणजे कुठले नंबर लागू द्यायचे त्या रकान्यात, महिरपी कंसात २०x एवढंच ठेवलं. x म्हणजे कुठलाही एक आकडा. तिसरा आकडा फिरवला की कॉल लगेच निघतो. आता ती २०४ फिरवून नातीला पुण्याला फोन करते, कुणाला हाक न मारता. चष्मा शोधत नाही, कुलूप उघडायला पडदा पुसत नाही. संध्याकाळी वरून तिचं बोलणं ऐकू येतं, "अगं, जेवलीस का वेळेवर?" माझ्या दृष्टीने पैसे तिथेच फिटले.

स्वयंपाकघरातल्या फोनला नंबर दाखवणारी पट्टी आहे. तिच्यावर आधी काही उमटत नव्हतं. कॉलर आयडीची (नंबर पाठवायची) स्कीम अमेरिकन बेलकोरवरून डीटीएमएफ, म्हणजे बटणांच्या जोडसुरांची, केली, उमटू लागलं.

घरातली जुनी तार वापरायची असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा, ही मी हात जोडून सांगतो. बाहेरून येणारी खांबावरची तारांची जोडी आधी रोझेटमधून (भिंतीवरच्या फोनच्या जोडडबीतून) पूर्ण सोडवा, टोकं टेपने बांधा, मगच अॅडॅप्टरची पिन घरातल्या वायरिंगला लावा. एक्स्चेंजच्या लाइनवर ४८ व्होल्ट उभे असतात आणि घंटीच्या वेळी ७५च्या आसपास एसी येतो. डबीची खाच स्वतः व्होल्टेज देणारी आहे. दोन्ही समोरासमोर आले की डबी जळते. लाइन बंद आहे, कनेक्शन कधीच कापलंय, असं गृहीत धरू नका, मीटर लावून बघा.

आवाज एकाच बाजूने येतो अशी तक्रार या प्रकारात सगळीकडे ऐकायला मिळते. बहुतेक वेळा कारण राउटरमध्ये असतं. एसआयपी म्हणजे इंटरनेटवर कॉल जुळवायची भाषा. तिच्यासाठीची एसआयपी एएलजी नावाची सोय मदत करायच्या नावाखाली पाकिटांमधले पत्ते बदलते. ती बंद करा. आणि रात्री दोन वाजता घंटी वाजली, उचलल्यावर पलीकडे कुणी नाही, असं झालं तर घाबरू नका. इंटरनेटवर उघडी यंत्रं शोधत फिरणारे प्रोग्राम ५०६० पोर्टवर, म्हणजे असे कॉल जिथून आत येतात त्या दारावर, येऊन टकटक करतात. फक्त आपल्या सर्व्हरकडून आलेलेच कॉल घ्यायचे, असा पर्याय सेटिंगमध्ये आहे. तो पहिल्याच दिवशी चालू करा. घरात म्हातारं माणूस असेल तर नक्कीच, अपरात्रीची घंटी त्यांच्या छातीत धस्स करते.

काही जण विचारतात की बाहेरची लाइनही यातच जोडून घेतली तर? परदेशातून इंटरनेटवर कॉल घ्यायचा आणि इथल्या लाइनवरून कुणालाही लावून द्यायचा? नाही. भारतात इंटरनेट टेलिफोनी १ एप्रिल २००२पासून मर्यादित स्वरूपात सुरू झाली, २०१८मध्ये परवानाधारक कंपन्यांना फोन आणि मोबाइल नंबरांशी कॉल जोडायची मोकळीक मिळाली. परवानाधारक कंपन्यांना. परवान्याशिवाय असं करणं म्हणजे बेकायदा एक्स्चेंज, आणि त्यावर धाडी पडतात. इंटरनेटच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आपसांत बोला, किंवा बाहेरचा नंबर हवा तर परवाना असलेल्या कंपनीकडून रीतसर घ्या. मी या खात्यात आयुष्य घालवलंय, यात मला सूट-सवलत मान्य नाही.

राहिली वीज. एक्स्चेंजमध्ये दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल रांगेत उभे असायचे, म्हणून गावात अंधार झाला तरी फोन चालायचा. लाइनबरोबर वीजही आम्ही पाठवत होतो. कुठल्याही अॅडॅप्टरला हे जमणार नाही. घरची वीज गेली की राउटर, मोडेम, डबी, सगळं एकदम बंद. मे-जूनमध्ये इंदूरला वावटळ उठते, फांद्या तारांवर पडतात, आणि नेमकी तीच संध्याकाळच्या पोळ्यांची वेळ असते. म्हणून १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट दोन्ही देणारा छोटा डीसी यूपीएस घ्या आणि मोडेम, राउटर, डबी तिन्ही त्यावर टाका. हा खर्च अॅडॅप्टरच्या किमतीतच धरा. आणि पोलीस, रुग्णवाहिका यांच्यासाठी ११२ लावायचा तो मोबाइलवरून. आपसांतल्या या लाइनवर ११२ फिरवलं तर ते कुठेच पोचत नाही. आईच्या फोनशेजारी भिंतीवर मी हे मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय, आणि मोबाइलला खालीच एक फळी ठोकून दिलीय.