छोट्या मंचावरचा बेस : सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हर आणि फेंडर रंबल ५००

चार जणांच्या बँडबरोबर पन्नास-साठ श्रोत्यांसमोर वाजवताना माझ्या बेस गिटारबद्दल मला दीर्घकाळ एकच अभिप्राय मिळत असे : बेस जाणवतो, पण ऐकू येत नाही. खोलीत नुसती घुम भरून राहायची. मी नेमका कोणता स्वर धरला आहे हे शेजारी उभ्या असलेल्या गिटारवादकालाही कळत नसे आणि तो माझ्या डाव्या हाताकडे पाहून सूर ताडत असे. सरावासाठी घेतलेला ३० वॅटचा, ८ इंची स्पीकरचा कॉम्बो, म्हणजे एकाच पेटीतला ॲम्प्लिफायर आणि स्पीकर, मी कार्यक्रमांनाही नेत होते आणि आवाज कमी पडतो असे वाटले की त्याचा बेसचा, म्हणजे खर्ज वाढवणारा, नॉब आणखी फिरवत होते. हा उपाय मुळातच उलटा होता हे उमगायला मला बराच काळ लागला. ते उमगल्यानंतर मी टेक २१ कंपनीचा सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हर डीआय हा प्रीॲम्प पेडल (ॲम्पच्या आधी आवाजाला आकार देणारी छोटी पेटी) आणि फेंडर रंबल ५०० हा कॉम्बो घेतला, आणि या दोन्ही वस्तू पुरेशा वापरून झाल्यावर त्यांच्याविषयी लिहीत आहे.

चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सुमारे ४१ हर्ट्झचा स्वर निघतो. ८ इंची स्पीकरच्या लहान पेटीतून हा मूळ स्वर पुरेशा ताकदीने बाहेर पडतच नाही, आणि कान ८२ व १२३ हर्ट्झजवळच्या त्याच्या हार्मोनिक्सवरून, म्हणजे त्याच्या पटीतल्या वरच्या स्वरांवरून, त्याचा अंदाज बांधतो. बोटाने तार सोडल्याचा क्षण, म्हणजे ज्यामुळे एक स्वर दुसऱ्यापासून सुटा ऐकू येतो ती कड, बरीचशी त्याहून वर, साधारण ४०० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. अशा ॲम्पवर बेसचा नॉब वाढवला की स्पीकर जिथे फारसे काही देऊच शकत नाही तिथेच सारी शक्ती खर्च होते, त्याचा कागदी शंकू हलण्याची हद्द गाठतो आणि आवाज फाटू लागतो. घरी एकट्याने वाजवताना मधला पट्टा कापून खालची आणि वरची टोके वाढवलेला आवाज फार गोड लागतो, हे मी नाकारत नाही. पण बँडमध्ये खालचा भाग किक ड्रम व्यापतो, वरचा भाग झांजा आणि गिटार घेतात, आणि बेससाठी राखून ठेवायची मधली जागा आपणच आपल्या हाताने रिकामी केलेली असते.

नवी खरेदी करण्याआधी वाद्याकडे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. माझा बेस प्रिसिजन घराण्यातला आहे, म्हणजे फेंडरने १९५७ साली आणलेला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप (तारांचे कंपन विजेत बदलणारा भाग) त्यावर आहे. त्याचा जाड तारांकडचा तुकडा तारांच्या फारच जवळ आलेला होता, त्यामुळे ई आणि ए या तारा गुरगुरत आणि डी व जी या तारा मागे पडत. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून खालचे अंतर पाहिले, त्या तुकड्याचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळून तो खाली घेतला, पुन्हा वाजवून ऐकले आणि आणखी पाव फेरा दिला. एवढ्यानेच चारही तारांचे वजन सारखे झाले. नव्या तारा मी अर्थातच चढवल्या, पण नव्या तारांची चकाकी हाच स्पष्टपणाचा मार्ग आहे असे मात्र मुळीच नाही. बेसवादक जेम्स जेमरसन यांनी १९६०च्या दशकात मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवलेला बेस फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेढ्यांच्या गुळगुळीत, तारांचा होता, आणि तारा बदलण्याचा त्यांना तिटकाराच होता. तरीही त्या मऊ, उबदार आवाजातला प्रत्येक स्वर आजही वेगळा ऐकू येतो, कारण त्याचा मधला पट्टा शाबूत आहे.

आता पेडलविषयी. सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हरची मूळ आवृत्ती १९९२ साली आली. तिच्यावर मिड म्हणजे मधल्या पट्ट्याचा स्वतंत्र नॉबच नव्हता. दुसऱ्या आवृत्तीत तो आला आणि त्याची जागा ५०० किंवा १००० हर्ट्झवर ठेवण्यासाठी एक बटणही आले. माझ्या दृष्टीने जुनी स्वस्तात मिळत असली तरी दुसरी आवृत्ती घ्यावी, इतका हा एक बदल मोलाचा आहे. ५०० वर मिड थोडा वर उचलला की स्वराला अंग येते, आणि १००० वर उचलला की बोटांचा ठोका पुढे येतो. आमच्या बँडमध्ये दोन गिटार असल्यामुळे मला ५०० अधिक उपयोगी पडतो. बेसच्या नॉबसाठीही ४० आणि ८० हर्ट्झ अशी निवड आहे. लहान खोलीत ती ८०वर ठेवणे शहाणपणाचे, कारण ४०वर वाढवलेला आवाज भिंतींमध्ये घुमत राहतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

या पेडलचा आत्मा मात्र ब्लेंड हा मूळ आणि रंगवलेला आवाज मिसळणारा नॉब आहे. तो पूर्ण कमी केला की ट्यूब ॲम्पसारखा रंग देणारा भाग बाजूला पडतो, पण टोनचे नॉब आणि लेव्हल चालूच राहतात, म्हणजे हाच पेडल एक स्वच्छ प्रीॲम्प होतो. मी ब्लेंड निम्म्याच्या जरा पुढे ठेवते आणि आवाजाला खरखर देणारा ड्राइव्ह घड्याळातल्या नऊच्या जागी. तेवढ्या ड्राइव्हने आवाज खरखरीत होत नाही, फक्त जोरात छेडलेल्या स्वराला किंचित दाणा येतो आणि तो स्वर गिटारांच्या गर्दीतून वर निघतो. वरच्या टोकाची धार वाढवणारा प्रेझेन्स हा नॉब फार वाढवला तर फ्रेटवर सरकणाऱ्या बोटांचा आवाज आणि पार्श्वभूमीची सळसळही वाढते, म्हणून तो जपून वापरावा. पेडलला एक्सएलआर आउटपुट (माईकसारख्या तीन पिनांच्या केबलची जागा) असल्याने हाच घडवलेला आवाज थेट मिक्सरकडे पाठवता येतो, आणि मिक्सरवर फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच वीज पुरवण्याची सोय, असेल तर त्याच केबलमधून पेडलला वीजही मिळते. ॲडॅप्टर घरी विसरलेल्या एका संध्याकाळी मला या सोयीचे महत्त्व पुरते कळले.

कॉम्बो बदलताना वॅटच्या आकड्याबद्दल सावध राहावे लागते. शक्ती दुप्पट केली की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण दहापट शक्ती लागते. रंबल ५००च्या नावातले ५०० वॅट बाहेरचे जादा कॅबिनेट (वेगळी स्पीकरपेटी) जोडून एकूण भार, म्हणजे स्पीकरांचा विद्युत विरोध, ४ ओमवर आणल्यावरच मिळतात. आतल्या दोन १० इंची स्पीकरांवर तो एकटा ८ ओमला ३५० वॅट देतो. ही गोष्ट माहितीपत्रकात लिहिलेली असते, पण नाव वाचून खरेदी करणाऱ्याच्या ती सहज नजरेतून सुटते. माझ्यापुरते ३५० वॅट पुरेसे ठरले. जुन्या ३० वॅटच्या तुलनेत ही सुमारे ११ डेसिबलची वाढ आहे, शिवाय हवा ढकलणारे स्पीकरांचे क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट झाले, आणि त्याचा परिणाम आवाजाच्या मोठेपणापेक्षा निवांतपणात अधिक जाणवतो. अचानक जोरात वाजवलेला स्वर आता चेपला जात नाही. वजन सुमारे साडेसोळा किलो आहे, जे मी एकटी दोन जिने चढवू शकते. दोन १० इंची स्पीकरांच्या जुन्या धाटणीच्या कॉम्बोंबद्दल असे म्हणता येत नसे.

रंबलवर चार पट्ट्यांचा इक्वलायझर, हॉर्न (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) बंद-चालू करण्याची सोय आणि ब्राइट, कॉन्टूर व व्हिंटेज अशी तीन बटणे आहेत. कॉन्टूर मधला पट्टा कमी करतो, म्हणजे मला जे टाळायचे आहे तेच करतो. एकट्याने सराव करताना तो कानाला सुखावतो, पण मंचावर तो बंद असल्याची मी दर वेळी खात्री करून घेते. हॉर्नही बहुधा बंदच असतो. सॅन्सॲम्प समोरच्या इनपुटमध्ये लावला तर एकाच आवाजावर दोन प्रीॲम्पचे रंग चढतात. तो थोडा चिखल मला खटकला, म्हणून पेडल मी इफेक्ट्स रिटर्नमध्ये, म्हणजे ॲम्पचा प्रीॲम्प टाळून थेट पुढच्या भागात जाणाऱ्या इनपुटमध्ये, लावते आणि आवाजाचा आकार सर्वस्वी पेडलवरच ठरवते.

कॉम्बो कुठे ठेवला आहे याचाही मोठा वाटा असतो. कोपऱ्यात, दोन भिंतींना टेकवून ठेवला की खर्ज फुगतो आणि मधला पट्टा पुन्हा झाकला जातो. मी तो भिंतीपासून दूर आणि मजबूत खुर्चीवर ठेवते, म्हणजे स्पीकर पोटऱ्यांऐवजी कानांच्या जवळ येतात. ही व्यवस्था केल्यानंतरच्या दुसऱ्या कार्यक्रमात गिटारवादकाने माझ्या हाताकडे पाहणे सोडले होते.

दोन्ही वस्तू एकाच वेळी घेणे शक्य नसेल आणि तुम्ही वाजवता त्या ठिकाणी सबवूफर (खर्जाचे मोठे स्पीकर) असलेली चांगली पीए म्हणजे श्रोत्यांसाठीची ध्वनिक्षेपण यंत्रणा व वादकाला स्वतःला ऐकू येण्यासाठीचे मॉनिटर मिळत असतील, तर आधी पेडल घ्यावा. मिक्सरमार्गे त्याचे काम होते आणि जुना कॉम्बो मंचावर स्वतःला ऐकू येण्यापुरता चालतो. पीएमध्ये फक्त गायकाचा माईक जात असेल आणि बेस तुमच्याच पेटीतून श्रोत्यांपर्यंत पोहोचायचा असेल, तर मात्र आधी कॉम्बो घ्यावा, कारण ८ इंची स्पीकरला कोणताही पेडल १० इंची करू शकत नाही.