टायमिंग बेल्ट बदलल्याचे पैसे घेतले, पट्टा मात्र जुनाच ठेवला

नाशिकमधील एका गॅरेजने माझ्या डस्टर डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) आणि वॉटर पंप बदलल्याचे सांगून माझ्याकडून १७,७५० रुपये घेतले आणि प्रत्यक्षात यांपैकी एकाही वस्तूला हात लावला नाही. पुढे तोच जुना पट्टा मोहदरी घाटात निकामी झाला, इंजिनाचे व्हॉल्व्ह म्हणजे झडपा वाकल्या, त्या दुरुस्तीला ६८,४०० रुपये आणि गाडी ओढून आणायला ४,२०० रुपये लागले. एकूण ९०,३५० रुपये गेले. मी अंबडच्या एका कारखान्यात हिशेब विभागात काम करतो आणि दुसऱ्यांची बिले तपासणे हेच माझे रोजचे काम आहे, त्यामुळे हे सर्व उघडपणे लिहिताना लाज वाटते. तरीही लिहितो आहे, कारण त्या गॅरेजमध्ये माझ्यानंतरही लोक जात आहेत.

गॅरेजमध्ये काय काय चालते हे गाडी बाळगणाऱ्या कुणाला नव्याने सांगायला नको. न बदललेला फिल्टर, पॉलिश पेपरने घासून परत बसवलेले ब्रेक पॅड, भरलेच नाही असे ऑइल, हे सारे आपण ऐकून असतो. परंतु टायमिंग बेल्टची फसवणूक यांत सर्वांत वाईट आहे. हा पट्टा कव्हरच्या आत बंद असतो, बॉनेट उघडून तो दिसत नाही आणि जुना असला तरी शेवटच्या क्षणापर्यंत गाडी नेहमीसारखीच चालते. पिस्टनला जोडलेल्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो आणि हे प्रमाण हा एकटा दातेरी पट्टा सांभाळतो. तो घसरला किंवा तुटला की व्हॉल्व्ह उघडे राहतात, खालून पिस्टन वर येतो आणि थेट त्यांच्यावर आदळतो. सगळ्याच इंजिनांत असे होत नाही, पण माझ्या गाडीच्या इंजिनात होते. म्हणजे न केलेल्या कामाचे पैसे घेणाऱ्या माणसाला, पुढे या गाडीचे काय होणार आहे, याची पूर्ण कल्पना असते.

गाडी २०१४ ची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ती ९६,००० किलोमीटरवर होती आणि पट्टा पहिल्यापासून तोच होता. रबर वयानेही कमकुवत होते, म्हणून सर्व्हिस पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षे या दोन्ही मर्यादा दिलेल्या असतात आणि जी आधी येईल ती पाळायची असते. हे मला ठाऊक होते. म्हणूनच कुणी न सांगता मी स्वतःहून गाडी कामाला दिली. निष्काळजी मालकाला धडा मिळाला, असे जे कुणी म्हणतील त्यांनी एवढे लक्षात घ्यावे. गॅरेजही रस्त्याकडेचे टपरीवजा नव्हते. दोन लिफ्ट, बसायला वातानुकूलित खोली आणि परिचयातल्या दोघांची शिफारस होती.

सकाळी गाडी दिली आणि जेवणाच्या सुट्टीत फोन आला, ‘सर, गाडी तयार आहे.’ या कामात उजवीकडचे पुढचे चाक काढावे लागते, इंजिनाला खालून जॅकचा आधार द्यावा लागतो, त्या बाजूचे इंजिन माउंटिंग सोडावे लागते आणि मगच कव्हर निघते. वॉटर पंपही बदलायचा तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, उतरवून पुन्हा भरावे लागते. एवढे काम इतक्या लवकर होत नाही, हे आज मला तोंडपाठ आहे. त्या दिवशी कसे असणार?

ज्या क्षणी सगळे उघडे पडायला हवे होते, तो क्षण त्यानंतर आला आणि तो आठवला की अजूनही झोप उडते. जुने भाग दाखवा, असे मी स्वतः म्हटले होते. मालकाने मुलाला हाक मारली आणि त्याने एका पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशवीतून काळा, तेलकट पट्टा आणून माझ्या हातात दिला. पट्टा झिजलेला होता, कडेला दोरे सुटले होते आणि बोटे काळी झाली. मालक म्हणाला, ‘बघा सर, वेळेत आलात, अजून महिनाभर चालवली असती तर संपलं होतं.’ त्या पट्ट्यावर आतल्या बाजूने बारीक उभ्या रेघा होत्या, पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या. टायमिंग बेल्टला आडवे दात असतात, कारण त्याला गिअरचे दात पकडायचे असतात. लांबीच्या दिशेने रेघा असतात त्या अल्टरनेटर आणि एसी फिरवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्याला, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट फॅन बेल्ट म्हणतात. माझ्या हातात फॅन बेल्ट होता, आणि तोही माझ्या गाडीचा नव्हता, कारण माझ्या गाडीचा फॅन बेल्ट आजही जागच्या जागी आहे. मी तो पट्टा उलटसुलट करून पाहिला, त्या रेघांवरून अंगठा फिरवला आणि पिशवी डिकीत टाकली. उभे आणि आडवे यांतला फरक कुणी आयुष्यात एकदा सांगितला असता तर ९०,३५० रुपये वाचले असते. जन्मभर खतावण्या लिहिणाऱ्या माणसाने तो आईच्या पोटातून शिकून यायला हवा होता, असे मला वाटत नाही.

बिलातही पुरावा होता. टायमिंग बेल्ट किट ९,४०० रुपये, वॉटर पंप ३,८५० रुपये, मजुरी ४,५०० रुपये. बेरीज मी तिथेच पडताळली आणि ती बरोबर होती. कूलंटची ओळ मात्र नव्हती. कूलंट न उतरवता वॉटर पंप बदलता येत नाही, तेव्हा पंपाची रक्कम लावणाऱ्या बिलात कूलंट हवेच. शिवाय ते बिल हाताने लिहिलेले, शिक्का मारलेले आणि जीएसटी क्रमांक नसलेले होते. पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के वर लागतील, असे मालक म्हणाला आणि मी कच्चे बिल घेतले. नाशकात निम्म्या गॅरेजांत हेच चालते. मी काही वेगळे केले नाही. तुम्ही मात्र पक्केच बिल घ्या आणि त्यावर गाडीचा क्रमांक, किलोमीटर आणि भागाचा क्रमांक लिहून घ्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आईला घेऊन सिन्नरकडे जात असताना मोहदरीचा चढ सुरू झाला आणि बॉनेटखालून खडखड असा आवाज येऊन इंजिन जागेवर बंद पडले. पुन्हा चावी फिरवली तेव्हा स्टार्टर नेहमीपेक्षा हलका आणि वेगात फिरला. असे झाल्यास दुसऱ्यांदा चावी फिरवू नका, कारण प्रत्येक प्रयत्नात उरलेले व्हॉल्व्हही मार खातात.

गाडी सातपूरच्या एका जुन्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी कव्हर काढण्याआधी मला बोलावून त्याचे बोल्ट दाखवले. बोल्टच्या माथ्यांवर धूळ आणि तेल यांचा वर्षानुवर्षांचा घट्ट थर होता आणि त्यावर पान्याचा एकही ओरखडा नव्हता. ‘काका, हे कव्हर कंपनीतून आल्यापासून कुणी उघडलेलं नाही,’ असे ते म्हणाले. आतला पट्टा क्रँकच्या गिअरपाशी दात उडालेला निघाला, त्याच्या पाठीवर २०१४ ची छपाई होती आणि पंपाच्या तोंडाशी गंज होता. हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवल्यावर आठपैकी सहा व्हॉल्व्ह वाकलेले दिसले.

हेच काम योग्य रीतीने कसे करतात ते मी तिथे उभे राहून पाहिले आणि तेही लिहून ठेवतो, कारण समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला फसवणे अवघड जाते. या इंजिनात कॅमशाफ्टच्या पुलीतील छिद्रातून हेडमध्ये एक पिन घालतात आणि क्रँकशाफ्ट ठरावीक जागी थांबवण्यासाठी ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यात, दुसरी आट्यांची पिन बसवतात. दोन्ही शाफ्ट असे जखडल्यावरच नवा पट्टा चढवून टेन्शनर लावतात. नंतर पिना काढून, स्टार्टर न मारता, पान्याने हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे देतात आणि पिना पुन्हा तशाच बसतात का ते पाहतात. बसल्या नाहीत तर पट्टा एखादा दात चुकलेला असतो आणि सगळे पुन्हा करावे लागते. तुमच्या मेकॅनिकला विचारा, ‘पिना आहेत का?’ अंदाजाने खडूची खूण करून पट्टा चढवणाऱ्याकडे असे इंजिन देऊ नका.

पहिल्या गॅरेजच्या मालकाने आधी ओळखच दाखवली नाही. बिल पुढे केल्यावर तो म्हणाला, की नवा पट्टा मीच काढून विकला असेल आणि जुना परत बसवला असेल. हे तो कामावरच्या मुलांसमोर, मोठ्या आवाजात म्हणाला. माझ्या वडिलांच्या वयाच्या लोकांनीही माझ्याशी कधी अशा भाषेत बोललेले मला आठवत नाही.

त्यानंतर सरकारी दारे. एका पोलीस ठाण्यात सांगितले, की गॅरेज आमच्या हद्दीत नाही. ज्या ठाण्याची हद्द होती तिथे सांगितले, की गाडी घाटात बंद पडली, तेव्हा तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचे कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची माहिती नाकारता येत नाही, असे छापील कागद दाखवून म्हटले, तर ‘तुम्ही वकील आहात का?’ असे उत्तर मिळाले. शेवटी, हा पैशांचा दिवाणी वाद आहे, असे सांगून अदखलपात्र नोंद करून एक चिठ्ठी हातात दिली. न केलेल्या कामाचे पैसे घ्यायचे आणि काम झाले असे भासवण्यासाठी दुसऱ्याच गाडीचा पट्टा हातात ठेवायचा, हा दिवाणी वाद कसा होतो? भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीबद्दलचे कलम ३१८ मग कशासाठी आहे? वाहनांशी संबंधित सरकारी कार्यालयात गेलो, तर खासगी गॅरेज आमच्या अखत्यारीत नाहीत, असे ऐकवले. आपल्याकडे हातगाडीला परवाना लागतो आणि घाटातून माणसे नेणाऱ्या इंजिनाला हात लावणाऱ्याला विचारणारा कुणी नाही, ही गोष्ट मला संतापजनक वाटते. मूळ नोंदणीपुस्तक आणि विम्याची प्रत देऊन मी खिडकीशी उभा होतो आणि आतला माणूस मान वर न करता ‘लेखी द्या’ म्हणत होता. लेखी दिल्यावर त्याची पोच द्यायलाही तयार नव्हता. विमा कंपनीने यांत्रिक बिघाड पॉलिसीतून वगळलेला असतो, हे कलम दाखवले. ते छापलेले आहे, त्यामुळे तिथे वाद घातला नाही.

यातून एक गोष्ट फार उशिरा कळली. इंजिन उघडण्याआधी पहिल्या गॅरेजला लेखी कळवून हजर राहायला सांगायचे, ते आले नाहीत तर तटस्थ सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) बोलवायचा आणि कव्हरवरील धुळीपासून पट्टा निघेपर्यंत सलग चित्रीकरण करायचे. माझ्याकडे छायाचित्रे आहेत, सलग चित्रीकरण नाही. आई दवाखान्यात न्यायची होती, गाडी हवी होती आणि वकिलाला विचारत बसायला त्या वेळी सवड नव्हती. सातपूरच्या मेकॅनिकनेही लेखी जबाब द्यायला आधी नकार दिला. धंद्यात एकमेकांशी संबंध असतात, असे ते म्हणाले. बऱ्याच विनवण्यांनंतर त्यांनी निघालेल्या भागांची यादी सही करून दिली.

स्विफ्ट डिझेलसारख्या गाडीत टायमिंगला पट्टा नसून साखळी असते. अशा गाडीला ‘बेल्ट बदलायची वेळ झाली’ असे कुणी म्हणाले, तर तिथून चावी परत घ्या.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्याआधी गॅरेजला पाठवलेली ९०,३५० रुपयांची नोटीस ‘घेण्यास नकार’ या शेऱ्यासह परत आली; ते पाकीट न फोडता जपून ठेवले आहे. तेही पुरावा म्हणून चालते.

नाशकात गेल्या वर्ष-दोन वर्षांत ज्यांनी टायमिंग बेल्ट बदलून घेतला आहे, त्यांनी मिळालेला जुना पट्टा आजच काढून पाहावा. त्यावर आडवे दात नसतील, तर गाडी घाटात नेण्याआधी कव्हर उघडून घ्या, आणि बिल फेकून देऊ नका.