खो-खो खेळणाऱ्या पोरीला योगाला घातलं, तीन महिन्यांचा अनुभव

मुलगी दहावीत आहे आणि खो-खो खेळते, म्हणजे सकाळी ट्यूशन, दुपारची शाळा, तिथून तशीच ग्राउंडवर आणि रात्री पुस्तक उघडलं की दहाव्या मिनिटाला डोकं टेबलावर. खेळ बंद कर म्हणायची सोय नाही, २०२५ ला दिल्लीत कॅप्टन प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला टीमने खो-खोचा वर्ल्ड कप जिंकल्यापासून तर नाहीच नाही.

म्हणून गिरणीच्या वरच्या मजल्यावर योगा क्लास आहे तिथे घातलं. सोम-बुध-शुक्र सकाळी साडेसहा, महिना १२०० रुपये, मॅट आपली, पट्टे त्यांचे. मॅडम अय्यंगार पद्धतीने शिकवतात (पट्टे वगैरे वापरून एकेक आसन नीट धरून ठेवायचं), घाई अजिबात नाही. खो-खोत चवड्यांवर बसून सटकन उठायचं असतं ना, हिचे पाय मागून इतके आखडलेले की सुप्त पादांगुष्ठासनात (पाठीवर झोपून तळव्याला पट्टा लावून पाय सरळ वर) पहिल्या दिवशी पाय निम्म्यातच अडकला, मग हळूच गुडघा वाकवून चीटिंग, मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसता गुडघ्यावर हात ठेवला. आता पाय सरळ उभा राहतो. घरी पट्टा म्हणून माझी चांगली ओढणी घेतली, ती गेलीच.

भिंतीवर 'योगाने मार्क वाढतात' असा बोर्ड लावलाय, त्याकडे लक्ष देऊ नका. गणितात जेवढे पडायचे तेवढेच पडले. पण ग्राउंडवरून आली की भिंतीला पाय वर टेकवून दहा मिनिटं पडते, फोन दुसऱ्या खोलीत, आणि मग तासभर नीट अभ्यासाला बसते, हे आधी होत नव्हतं. झोपायच्या आधी भ्रामरी करते (भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा), धाकटा म्हणतो फ्रिज सुरू झाला.

एक गोष्ट मात्र खटकली. मॅचच्या दिवशी सकाळी पण तेच लांब लांब ताणून धरायला लावलं, पोरगी म्हणाली पाय जड झालेत, कोच वैतागले, म्हणाले मॅचच्या आधी पळतं वॉर्मअप करायचं, हे असलं सगळं नंतर. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या योगाने कधी नुकसान होत नाही. आणि बॅचमध्ये बाकी सगळ्या आमच्या वयाच्या बायका, निम्मा वेळ थायरॉइडवर चर्चा.

तरी पुढचे तीन महिने भरलेत, मॅच असेल त्या आठवड्यात पाठवणार नाही. बुडलेल्या दिवसांचे पैसे वळते करत नाहीत, ते आधीच विचारून घ्या.