मेगा शार्क व्हर्सेस जायंट ऑक्टोपस: दात खरा, शेपटी खोटी

विमानाचा प्रसंग आला तेव्हा बाबा जेवून, हात धुऊन नुकतेच येऊन बसले होते. समुद्रातून शार्क उसळते, थेट ढगांपर्यंत जाते आणि उडतं विमान जबड्यात धरते. त्याआधी एका प्रवाशाने खिडकीतून तिला येताना पाहिलेलं असतं. दोन दिवसांनी त्याचं लग्न आहे. बाबांनी तो प्रसंग मागे घ्यायला लावला, पुन्हा नीट पाहिला आणि म्हणाले, "अगो, हिका वजनच नाय."

मी मुंबईत एका स्टुडिओत कम्पोझिटिंग करते, अकरा वर्षं झाली. शूट केलेल्या प्लेटवर, म्हणजे मूळ चित्रीकरणावर, कम्प्युटरमध्ये बनवलेला प्राणी बसवायचा, त्याच्या कडा, सावल्या, ग्रेन (म्हणजे चित्रातला बारीक दाणेदारपणा) जुळवायचे, हे माझं रोजचं काम. बाबा मालवणचे, उभा जन्म होडीवर गेला. मोरी, म्हणजे आपली मुशी, त्यांनी जाळ्यात, होडीत, बाजारात आणि ताटात पाहिलेली आहे. त्यामुळे महाकाय शार्कचे स्वस्तातले सिनेमे आमच्या घरी फार मन लावून बघितले जातात, आणि या सिनेमाबद्दल आम्हा दोघांचं मत एकाच जागी येऊन थांबलं.

सिनेमा २००९ चा. बनवला कॅलिफोर्नियातल्या 'द असायलम' या कंपनीने. थोड्या पैशांत, थोड्या दिवसांत सिनेमा उभा करून विकणं हाच त्यांचा धंदा. दिग्दर्शक जॅक पेरेझ, पण श्रेयनामावलीत टोपणनाव आहे एस हॅना. नायिका डेबोरा गिब्सन, म्हणजे ऐंशीच्या दशकात शाळकरी वयात पॉप गायिका म्हणून गाजलेली डेबी गिब्सन. इथे ती एमा मॅकनील नावाची समुद्रशास्त्रज्ञ आहे. अलास्काजवळ ती छोट्या पाणबुडीतून व्हेल बघत असताना लष्कराचं हेलिकॉप्टर पाण्यात सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरी सोडणारं यंत्र, टाकतं, बिथरलेले व्हेल हिमनदीवर धडका मारतात, बर्फ फुटतो आणि त्यात गोठलेले दोन प्राणी सुटतात: एक मेगालोडॉन, म्हणजे लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेली महाकाय शार्क, आणि एक अजस्र ऑक्टोपस. पुढे सापळे, पाणबुड्या, टोकियो, सॅन फ्रान्सिस्को आणि शेवटी दोघांची झुंज. कथा एवढीच, आणि तिच्यात मला काही वावगं वाटत नाही. दोन मोठी जनावरं लढवायला एवढं पुरतं.

मला या सिनेमातला सगळ्यात आवडलेला प्रसंग फार कुणी आठवत नसेल. किनाऱ्यावर एक मेलेला व्हेल लागतो. अंगावर भली मोठी जखम. एमा त्या जखमेत हात घालून दाताचा तुकडा उपसून काढते. ना कम्प्युटर, ना स्फोट. एक वस्तू आणि एक हात. पण जनावर किती मोठं असेल याचा हिशोब प्रेक्षक तिथे आपापल्या डोक्यात मांडतो. शिवाय हे विज्ञानाला धरून आहे. शार्कच्या अंगात हाडं नसतात, कूर्चा असते, आणि ती मेल्यावर सहसा टिकत नाही. म्हणून मेगालोडॉनचा अख्खा सांगाडा आजवर कुणाला मिळालेला नाही. मिळतात ते दात आणि काही मणके. सर्वांत मोठे दात साधारण १८ सेंटिमीटरचे, म्हणजे माझ्या मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. या एवढ्याशा पुराव्यावरून शास्त्रज्ञ त्याची लांबी मांडत आले आहेत: कुणी १५ मीटर म्हणतं, कुणी २०, आणि २०२५ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ती २४ मीटरपर्यंत गेली.

बाबांनी एका औषधाच्या डबीत मुशीचा एक दात ठेवलाय. कापसात. तो माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा आहे. डोळ्यांना कड सरळ दिसते, पण त्यावरून नख ओढलं की बारीक खरखर लागते, करवतीच्या पात्यासारखी. मेगालोडॉनच्या दातालाही अशीच बारीक करवत असते. लहान असताना मला तो दात हातात घ्यायची परवानगी नव्हती. व्हेलच्या प्रसंगात एमाच्या हाताकडे बघताना मला ती डबी आठवली, आणि कमी पैशाच्या सिनेमाने एवढं केलं तरी माझ्या लेखी त्याचे निम्मे पैसे वसूल होतात.

बर्फाचं मात्र पटत नाही. मेगालोडॉनचे दात उबदार आणि समशीतोष्ण समुद्रांच्या जुन्या थरांत सापडतात. सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी तो संपला, असं आता मानलं जातं. त्याला अलास्काच्या बर्फात ठेवायची गरज नव्हती. खोल समुद्रातून आणला असता तर निदान त्यामागे एक खरी गोष्ट उभी राहिली असती. 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरीत पॅसिफिकच्या तळातून असे दात वर आले होते. पुढे १९५९ मध्ये त्यांच्यावर चढलेल्या मँगनीजच्या थरावरून कुणीतरी हिशोब केला की ते फक्त काही हजार वर्षांपूर्वीचे आहेत. तो हिशोब चुकीचा ठरला, पण 'अजून खाली कुठेतरी असेल' ही समजूत त्यावर पोसली गेली.

आता वजनाकडे येते. बाबांनी एकदा देवबागेच्या बाहेर व्हेल शार्क पाहिला होता, होडीच्या अगदी कडेने गेलेला. ते अजून सांगतात की त्याने शेपटी एकदा मारली आणि मग कितीतरी वेळ मारलीच नाही, तरी तो पुढे सरकतच होता. जनावर जितकं मोठं तितकी शेपटी संथ. लांबी तिप्पट झाली की वजन सत्तावीस पट होतं. एवढा ऐवज चटकन वळत नाही, चटकन थांबत नाही. या सिनेमातली शार्क वळते ती लहान माशासारखी. पडद्यावर ती कितीही मोठी दाखवा, डोळा शेपटीची लय बघतो आणि आपोआप तिला लहान करून टाकतो. विमानाच्या प्रसंगात हेच होतं. नुसतं एक किलोमीटर वर जायचं, तरी पाण्यातून निघतानाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या वर हवा. तो मी एकवेळ सोडून देईन, कारण कल्पना म्हणून तो शॉट मला मनापासून आवडतो; असं काही सुचायलाही धाडस लागतं. पण एवढं ओलं धूड वर आलं तर त्याच्याबरोबर टनावारी पाणी वर यायला हवं, अंगावरून निथळायला हवं, मागे समुद्रात खड्डा पडायला हवा. मला तिथे पाण्याचा भार जाणवत नाही. गोल्डन गेट पुलाचंही तेच. त्या पुलाखाली भरतीच्या वेळीही ६७ मीटर मोकळी जागा असते. शार्क ते अंतर पार करून पुलाचा लचका तोडते, आणि मोठ्यात मोठ्या अंदाजातला मेगालोडॉन शेपटीवर उभा केला तरी पुलाच्या निम्म्यातसुद्धा पोचत नाही. मोजमाप दर प्रसंगात बदलत राहिलं की भीती बसायला जागा उरत नाही.

आणखी एक तक्रार आहे, आणि ती मी धंद्यातली म्हणून जोर देऊन करते. शार्क पोहतानाचे तेच ते शॉट पुन्हा पुन्हा वापरलेत. पैसे नाहीत, रेंडरला (कम्प्युटरकडून अंतिम चित्र काढून घ्यायला) वेळ नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे. असे दिवस मी काढलेत. पण तोच शॉट उलटवता येतो, पुढे गढूळ पाण्याचा एक थर टाकता येतो, प्रकाश बदलता येतो, अर्धं जनावर फ्रेमच्या बाहेर ठेवता येतं. एका आर्टिस्टचं दुपारभराचं काम आहे. ते न करता तसंच्या तसं चिकटवलं की प्रेक्षकाला कळतं, आणि आपल्याला गृहीत धरलंय हेही कळतं.

याच्या शेजारी मी २००२ चा 'शार्क अटॅक ३: मेगालोडॉन' ठेवीन. डेव्हिड वर्थ दिग्दर्शक, जॉन बॅरोमन नायक, कथा मेक्सिकोत आणि चित्रीकरण बल्गेरियात. त्यांनी बऱ्याच ठिकाणी खऱ्या ग्रेट व्हाइट शार्कची चित्रफीत घेऊन ती मोठी केली आणि माणसं, होड्या तिच्यावर चिकटवल्या. जेट-स्कीवरचा माणूस सरळ जबड्यात शिरतो तो शॉट पाहा: कडा कापल्यासारख्या दिसतात, उजेड एका बाजूचा आणि सावली दुसऱ्या. कम्पोझिटिंग म्हणून ते काम कच्चं आहे. तरीही तो जबडा उघडतो तेव्हा हिरड्या पुढे सरकतात, डोळा आत वळतो, आणि अंगावर काटा येतो, कारण ते जनावर जिवंत आहे. बाबा त्या शॉटला काही बोलले नाहीत. फक्त पुढे सरकून बसले. माझा कौल म्हणूनच २००२ च्या सिनेमाला जरा जास्त आहे, जरी त्यातले संवाद मध्येमध्ये ऐकवत नाहीत.

'मेगा शार्क'चे पुढे आणखी भाग आले: २०१० मध्ये मगरीशी, २०१४ मध्ये यांत्रिक शार्कशी, २०१५ मध्ये कोलोसस नावाच्या यंत्रमानवाशी. यांत्रिक शार्कचा तेवढा बघा. लोखंडाला मांसाचं वजन लागत नाही, म्हणून तिथे तीच मंडळी बरी निभावून नेतात.

पहिला भाग बघायचा तर मोबाइलवर बघू नका, अर्धी मजा जाते. घरातल्या मोठ्या पडद्यावर, दिवे मालवून, दोन-चार जणांत बघा. पाणबुडीच्या आतले प्रसंग लांबलेत, तिथे चहा टाकून घ्या. व्हेलचा प्रसंग मात्र चुकवू नका. तो सुरुवातीकडेच येतो. मी पाचपैकी अडीच देते. बाबा म्हणाले दोन, आणि जेट-स्कीवाला शॉट पुन्हा लाव.