पेट्रोलचा काटा पडलाय: नवं युनिट टाकावं की जुनंच साफ करावं?

काटा पडला की मेकॅनिकचं उत्तर ठरलेलं असतं: "युनिट गेलं ना भाऊ, नवीन टाकून देऊ." युनिट म्हणजे टाकीत बसणारा तो भाग, ज्याचा तरंगता फ्लोट पेट्रोलबरोबर वर-खाली होतो आणि मीटरला पातळी कळवतो. गेलंही असेल. माझ्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० मध्ये मी जुनंच युनिट साफ करून बसवलं. मेव्हण्याच्या तशाच गाडीत बाजारातून आणलेलं नवं बसलं. दोन्ही गाड्या चालवतो, म्हणून लिहितोय.

मुळात युनिटच गेलंय का, हे टाकी न उघडताच कळतं. चावी ऑन करायची, युनिटची वायर काढायची आणि मधे छोटा बल्ब धरून क्षणभर बॉडीला टेकवायची. काटा फुलकडे सरकू लागला (काही गाड्यांत उलटीकडे) तर मीटर आणि वायर ठीक, दोष टाकीकडे. ढिम्म राहिला तर टाकीच्या वाटेला जाऊ नका, फ्यूज आणि डॅशबोर्डमागचे जोड बघा. टेम्परेचरचा काटाही वेड्यासारखा वागत असेल तर दोन्ही मीटरांना मिळणाऱ्या करंटवर संशय घ्या. दोष टाकीकडे निघाला तरी आधी युनिटच्या झाकणापासून बॉडीपर्यंत वेगळी वायर लावून पाहा. पुष्कळदा अर्थिंगच गंजलेलं असतं, आणि काम तिथेच आटोपतं. ही ठिणगीची कामं टाकी बंद असताना, आणि पेट्रोलचा वास येत नसेल तरच.

आता नव्या युनिटबद्दल. काम झटपट होतं, फ्लोट गळका नसतो, गाडी संध्याकाळी घरी. ज्याला सोमवारी ऑफिस गाठायचं आहे त्याला मी नाही म्हणणार नाही.

पण मेव्हण्याच्या गाडीत टाकी काठोकाठ भरली तरी काटा पाऊणच्या वर जात नाही, आणि पावाच्या खाली आला की धपकन बसतो. मला सगळ्यात खटकलं ते हेच. काटा पूर्ण बंद असता तर माणूस किलोमीटर मोजत तरी गेला असता. इथे काटा हलतो, म्हणून विश्वास बसतो, आणि वर्धा रोडवर बुटीबोरी दिसेपर्यंत डोक्यात हिशेब चालू: पाव दाखवतोय म्हणजे खरं किती? कारण साधं आहे. फ्लोटच्या दांडीचा बाक आणि युनिटचे ओहम (म्हणजे करंटला होणारा अडथळा) जुन्या मीटरशी जुळत नाहीत. दांडी वाकवून पाहिली. वरचं जुळलं की खालचं बिघडतं, आणि दर वेळी युनिट पुन्हा बाहेर. सगळीच बाजारातली युनिटं अशी असतील असं नाही. हे मात्र आहे.

साफ करण्यात वेळ जातो, हे मान्य. मे महिन्यात ४५ अंशांत टाकी उघडायची म्हणजे भल्या पहाटे, पेट्रोल कमी असताना, बॅटरीची निगेटिव्ह काढून. फ्लोट कानाशी हलवायचा. आत खळखळलं तर त्यात पेट्रोल शिरलंय, तो बदलायचा. दांडीची जीभ जिच्यावरून सरकते ती पट्टी काँटॅक्ट क्लीनर आणि मऊ कापडाने पुसायची, पॉलिश पेपर अजिबात नको. जीभ किंचित दाबून घ्यायची. रबर सील मात्र नवंच, नाहीतर मागच्या सीटवर बसणारे वासाने हैराण होतात. माझा काटा खड्ड्यांत अजून थोडा थरथरतो. पण अर्धा म्हणजे अर्धा दाखवतो, आणि त्यासाठी एवढं थरथरणं मी चालवून घेतो.

टाकीतच पंप असलेल्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) गाडीत हे घरी करू नका. तिथे आधी लाइनमधलं प्रेशर सोडावं लागतं.

पट्टीच तुटली किंवा झिजून गेली असेल तर नव्याला पर्याय नाही. मग दुकानात जुनं युनिट आणि मल्टिमीटर दोन्ही घेऊन जा. दांड्या शेजारी ठेवून बाक बघा, आणि फ्लोट वर-खाली करून नव्याचे दोन्ही टोकांचे ओहम तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून घ्या. दुकानदार कुरकुरला तर शेजारच्या दुकानात विचारा.