ब्लूग्रास फॅमिली बँड: सगळ्यांना एकच माइक की प्रत्येकाला वेगळा?

ब्लूग्रास म्हणजे गिटार, बँजो, मँडोलिन अशा तारवाद्यांवरचं अमेरिकन लोकसंगीत. त्यातले डेल मॅकुरी गिटारवर, एक मुलगा रॉनी मँडोलिनवर, दुसरा रॉब बँजोवर, हे बापलेक एका कंडेन्सर माइकभोवती (थोड्या लांबूनही सगळ्यांचा आवाज टिपणारा संवेदनशील माइक) वाजवताना एकदा बघाच, सोलो आला की बँजोवाला पुढे सरकतो, बाकीचे लगेच बाजूला होतात, गिटारचा दांडा कुणाला लागत नाही, आणि बॅलन्स साउंडवाला नाही तर हे स्वतःच पावलांनी करतात. घरच्यांना हे पटकन जमतं कारण एकमेकांचा श्वाससुद्धा ओळखीचा असतो. वेगळे माइक मोठ्या मैदानात बरे पडतात, फीडबॅक (स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून होणारी शिट्टी) कमी, डबल बासही (खालच्या सुरांचं मोठं तारवाद्य) नीट ऐकू येतो, पण मग जो तो आपल्या जागी खिळतो. तीन आवाजांची हार्मनी खांद्याला खांदा लावूनच जुळते हो, छोट्या हॉलला मी तरी एकच माइक घेईन.